मधल्या सुट्टीत एकटं राहणारं मूल : शाळेकडून मदत मागताना

पालकसभेत वर्गशिक्षिका मार्कांबद्दल फारसं बोलत नाहीत. ‘‘अभ्यासात बरा आहे, पण मुलांत मिसळत नाही,’’ एवढं सांगून पुढच्या पालकांकडे वळतात. घरी आल्यावर आजी म्हणते, ‘‘त्याचा बापही असाच घुमा होता, मोठा झाला की होईल नीट.’’ मावशी दृष्ट काढायला सांगते, शेजारचे काका मोबाईल बंद करायला सांगतात. या सगळ्यांची माया खरी असते. पण उद्या सकाळी शाळेत जाऊन काय करायचं, हे त्यातून कळत नाही.

माझी मुलगी आता माध्यमिक शाळेत आहे आणि साताऱ्यात राहून यातली बहुतेक वाट आम्ही चाललो आहोत. ज्यांना हे वाक्य नुकतंच ऐकायला मिळालं आहे त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते. सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की धरा. खेळात शिरणं, पाळीसाठी थांबणं, भांडण झाल्यावर परत बोलणं या गोष्टी वाचन-लेखनासारख्याच शिकवता येतात. आणि त्या शिकवण्यासाठी शाळेची मदत मागायला हातात डॉक्टरांचा कागद असावाच लागतो, असं नाही. कागदाची वाट आणि वर्गातल्या मदतीची वाट वेगळी आहे. दोन्ही एकाच वेळी चालता येतात.

आधी नीट पाहा

‘मिसळत नाही’ या दोन शब्दांत तीन अगदी वेगळी मुलं असू शकतात. एकाला खेळायचं असतं, पण कसं शिरायचं ते कळत नाही. मग ते चेंडू हिसकावतं, किंवा कडेला उभं राहून नुसतं बघतं. दुसऱ्याला गोंगाट, धक्काबुक्की सहन होत नाही आणि त्याला थोडा वेळ एकटं बसणं खरोखरच हवं असतं. तिसऱ्याला सगळं जमतं, पण बाकीची मुलं त्याला घेत नाहीत. या तिघांना लागणारी मदत एकच नव्हे. म्हणून आपलं मूल कुठल्या जागी आहे हे ठरवण्यासाठी दोनेक आठवडे द्या.

एक साधी वही करा. ‘‘आज कोणाशी मैत्री केलीस?’’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कुठलंच मूल देत नाही. ‘‘डबा कोणाशेजारी बसून खाल्लास?’’, ‘‘सुट्टीत पोरं काय खेळत होती? तू कुठे होतास?’’, ‘‘खेळाच्या तासाला गट कोणी पाडले?’’ असं विचारा. मिळालेलं उत्तर तारखेसह दोन ओळींत लिहा. रिक्षावाले काका, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, शाळेचे शिपाई मामा यांच्याशीही बोला. वर्गाबाहेरचं मूल त्यांना शिक्षकांपेक्षा जास्त दिसतं.

याच काळात काही साध्या गोष्टी तपासून घ्या. कान पहिले. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानात पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येऊ शकतं. चार जणांच्या गलक्यात अशा मुलाला बोलणं कळत नाही आणि ते बाजूला होतं. डोळेही दाखवा. शाळेतलं स्वच्छतागृह वापरायला मूल घाबरत नाही ना, हे विचारा, कारण दिवसभर लघवी दाबून धरणारं मूल खेळणार कुठून? घरची भाषा वेगळी असेल, म्हणजे कुटुंब कर्नाटकातून किंवा उत्तरेतून कामासाठी आलं असेल, तर सुरुवातीचे काही महिने मूल गप्प राहणं हा आजार नव्हे. घरी तासन्‌तास बोलणारं मूल शाळेत महिनोन्‌महिने एक अक्षरही काढत नसेल, तर मात्र ते नुसतं लाजणं समजू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ यांना दाखवा. ‘बोल ना, बोल ना’ करून अशी मुलं आणखी मिटतात.

आपल्या भागातली एक गोष्ट खास लक्षात घ्यावी लागते. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरातल्या छोट्या शाळेत दोन शिक्षक आणि मोजकी मुलं असतात. तिथे सगळे एकमेकांचे चुलत-मावस असतात, कोणी एकटं पडलं तरी दिसत नाही. तेच मूल पाचवीला साताऱ्यात किंवा कराडला मोठ्या वर्गात आलं की अचानक ‘प्रॉब्लेम’ दिसायला लागतो. मूल बदललेलं नसतं, भोवतालची गर्दी बदललेली असते. आणि पावसाळा! जून ते सप्टेंबर मैदानावर चिखल असतो, सगळी शाळा व्हरांड्यात सुट्टी काढते आणि पत्र्यावर पाऊस वाजत असतो. गोंगाट न सोसणाऱ्या मुलाचे हेच महिने सर्वांत वाईट जातात. तुमच्या वहीत या काळात नोंदी वाढल्या तर कारण तिथे शोधा.

वर्गशिक्षकांशी पहिलं बोलणं

शाळा सुटताना फाटकाशी, दहा पालकांसमोर हा विषय काढू नका. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कधीच नको. तिथे टाकलेला एक मेसेज मुलाला वर्षभर चिकटतो. सर किंवा मॅडमना फोन करून वीस मिनिटांची वेळ मागा. शक्य असेल तर दोघंही जा. एकट्या आईने गेल्यावर ‘‘तुम्ही फार काळजी करता’’ ऐकावं लागतं, हा माझ्यासारख्या बऱ्याच जणींचा अनुभव आहे.

सुरुवात मुलाच्या चांगल्या गोष्टीने करा, आणि ती खरी असू द्या: ‘‘त्याला झाडांची नावं पाठ आहेत, पाढे आवडतात.’’ मग वहीतली एक-दोन उदाहरणं सांगा. आणि विचारा, ‘‘सर, तुम्हाला वर्गात काय दिसतं?’’ इथे थांबून ऐकायचं. शिक्षकांनी सांगितलेली गोष्ट खटकली तरी लगेच खोडू नका, लिहून घ्या. घरी न दिसणारं खूप काही त्यांना दिसतं. शिक्षक स्वतःच म्हणाले, ‘‘एकदा तज्ज्ञांना दाखवा,’’ तर तो अपमान समजू नका. असं बोलायला त्यांनाही धीर गोळा करावा लागतो.

नेमकं काय मागायचं

‘‘जरा लक्ष ठेवा’’ असं सांगून आलात तर काहीच बदलणार नाही. लक्ष सगळेच ठेवतात. शिक्षकाला पाच मिनिटांत करता येईल, उद्यापासून सुरू होईल आणि झालं की नाही ते तपासता येईल, असं मागा. सगळं एकदम नको, दोन किंवा तीन गोष्टी पुरेत.

गट पाडण्यापासून सुरुवात करा. खेळाच्या तासाला दोन कप्तान उभे करून ‘‘निवडा आपापले गडी’’ म्हटलं की रोज तेच मूल शेवटी उरतं आणि चाळीस जणांसमोर उरतं. शिक्षकांनी एक-दोन-एक-दोन मोजून किंवा हजेरीपटाप्रमाणे गट पाडले, तर हा रोजचा घाव थांबतो. यात काही खर्च नाही, कोणाला वेगळं काढलं जात नाही, आणि वर्गातल्या आणखी चार-पाच मुलांचा फायदा होतो. माझ्या मते यादीतली सगळ्यात मोलाची मागणी हीच आहे.

दुसरी, जोडीदाराची. वर्गाचा मॉनिटर नेमू नका म्हणावं, तो हुकूम सोडतो. मुलाबरोबर आपणहून बोलणारी दोन-तीन शांत मुलं शिक्षकांना माहीत असतात. त्यांनी आठवड्याची पाळी लावून डबा खाताना आणि मैदानावर जाताना सोबत असावं. एकाच मुलावर भार टाकला की ते कंटाळतं, आणि त्याच्या घरूनही तक्रार येते.

तिसरी, एक काम. मधल्या सुट्टीची तीस-चाळीस मिनिटं मोकळी असतात, आणि ज्याला काय करायचं ते कळत नाही त्याला मोकळा वेळच जड जातो. ताटं मांडणं, परसबागेला पाणी घालणं, वाचनालयाची पुस्तकं लावणं, सुट्टी संपल्याची घंटा देणं, असं काही त्याच्याकडे असलं की इतर मुलं आपणहून त्याच्याशी बोलायला येतात. काम दुसऱ्या एका मुलाबरोबर करायचं असावं, नाहीतर एकटेपणालाच काम म्हणायची वेळ येते.

गोंगाट न सोसणाऱ्या मुलासाठी बसायची एक शांत जागा आणि एक खूण ठरवून घ्या. खूण दाखवली की कोणी ‘‘कुठे चाललास?’’ न विचारता त्याला दहा मिनिटं तिथे बसू द्यावं. परिपाठाच्या वेळी, स्नेहसंमेलनाच्या तालमीत स्पीकर लागतो तेव्हा याचा उपयोग होतो. बदलाची सूचना आधी मिळणंही तितकंच महत्त्वाचं. उद्या परिपाठ नाही, उद्या आरोग्य तपासणी आहे, शनिवारी सहल सज्जनगडला आहे, हे आदल्या दिवशी कळलं की घरी बोलून ठेवता येतं. सहलीला ‘‘तुमचं मूल नको, जबाबदारी नको’’ असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. पालकाने सोबत जायची तयारी दाखवा, पण मूल घरी राहणार नाही हे नम्रपणे आणि ठामपणे सांगा.

काही खासगी शाळा ‘शॅडो टीचर’, म्हणजे वर्गात फक्त आपल्या मुलासोबत राहणारी मदतनीस ठेवा असं सांगतात, आणि तिचा पगार पालकांनी द्यायचा असतो. खूप लहान किंवा जास्त गरज असलेल्या मुलाला अशी सोबत लागतेही. पण मोठं माणूस सतत शेजारी बसलं की दुसरी मुलं जवळ येत नाहीत. ठेवलीच, तर सुट्टीत तिने दहा पावलं मागे राहायचं आणि कधी पूर्ण बाजूला व्हायचं, हे पहिल्या दिवशीच ठरवा.

ठरलं ते कागदावर आणा

तोंडी ठरलेलं शिक्षकांची बदली होईपर्यंत टिकतं. म्हणून चर्चेनंतर आठवड्याच्या आत मुख्याध्यापकांना एक छोटा अर्ज द्या. भांडणाचा सूर नको. असा लिहिता येईल:

‘‘प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : पाल्यास वर्गात व मधल्या सुट्टीत सहकार्य मिळण्याबाबत. महोदय, माझा पाल्य इयत्ता तिसरी, तुकडी ब मध्ये शिकत आहे. इतर मुलांसोबत खेळात सहभागी होणे व गोंगाटात थांबणे त्यास अवघड जाते. याबाबत वर्गशिक्षकांशी चर्चा झाली असून पुढील गोष्टी ठरल्या आहेत : (१) खेळाचे गट शिक्षकांनी पाडणे, (२) मधल्या सुट्टीत पाळीने जोडीदार देणे, (३) वेळापत्रकातील बदल आदल्या दिवशी कळवणे. सहा आठवड्यांनी आपण, वर्गशिक्षक व आम्ही एकत्र बसून आढावा घ्यावा, ही विनंती. आपली विश्वासू.’’

दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या.

कायद्याचा आधार तुमच्या मनात असू द्या, पहिल्याच भेटीत टेबलावर आपटू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घालतं. कलम २९ सांगतं, की अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवताना मूल भीती आणि चिंता यांपासून मुक्त राहील हे पाहावं. हे प्रत्येक मुलासाठी आहे, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असो वा नसो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची असते आणि शैक्षणिक विकासाबरोबर सामाजिक विकासही होईल अशी मदत द्यायची असते. ‘‘अभ्यास येतोय ना, मग झालं,’’ असं म्हणणाऱ्यांना हे कलम उत्तर देतं.

शाळेबाहेरची दारं

प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी पंचायत समितीच्या शिक्षण विभागाचं गट साधन केंद्र असतं. समग्र शिक्षा अभियानातले समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक तिथून शाळांना भेटी देतात. ‘‘आमच्या शाळेला कोणते विशेष शिक्षक येतात, पुढची भेट कधी?’’ एवढं मुख्याध्यापकांना विचारा. उत्तर मिळालं नाही तर केंद्रप्रमुखांना, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारा. शाळा यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी नोंदणीत, विशेष गरजा असलेल्या मुलांची नोंद करते. आपल्या मुलाची झाली आहे का, ते बघा. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींसाठीचा प्रोत्साहन भत्ता या गोष्टी पात्रता असेल तर या नोंदीनंतरच पुढे सरकतात.

तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ पासून चालू आहे आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा येतं. त्या दिवशी वजन-उंची मोजून मूल वर्गात परत जातं, ‘मिसळत नाही’ हे कोणी सांगतच नाही. म्हणून आधीच वर्गशिक्षकांकडे चिठ्ठी द्या. पथकाने पुढे पाठवलं की जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जाता येतं. साताऱ्यात यासाठी क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात चौकशी करायची. पथकाची वाट न बघता थेट बालरोग विभागात गेलात तरी चालतं. माण-खटावसारख्या लांबच्या तालुक्यांतून येणार असाल तर आधी फोन करून तज्ज्ञांचा वार विचारा. एसटीने अर्धा दिवस घालवून आल्यावर ‘‘डॉक्टर आज नाहीत’’ ऐकण्यासारखा त्रास नाही.

डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या. स्वमग्नतेसाठी (ऑटिझम) आपल्याकडे प्रमाणपत्र देताना चाळीस मुद्द्यांची एक भारतीय मोजपट्टी वापरतात, आणि त्यातले बरेच मुद्दे इतर माणसांशी वागण्या-बोलण्याचे आहेत. तुमच्या तारीखवार नोंदी तिथे खूप कामाला येतात.

निदान झालं, तर २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, वाचा व भाषेचं दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ‘स्वावलंबन’ पोर्टलवर ऑनलाईन अर्ज करून दिलेल्या दिवशी रुग्णालयात तपासणी होते. बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट असते. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळत होतं आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासावं लागत होतं. आताचा नियम रुग्णालयात विचारून घ्या. अतिचंचलता म्हणजे एडीएचडी या यादीत स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे अशा मुलांच्या पालकांना कार्ड मिळालं नाही तर त्यांनी खचू नये. वर्गातली मदत त्यांनी वर सांगितल्याप्रमाणे मागतच राहावी.

घरी, गल्लीत

मैत्री मैदानावर शिकायला जमत नसेल तर ती घरातल्या चटईवर शिकवा. एका वेळी एकच मूल बोलवा. दोघं आले की ते दोघं एकमेकांत रमतात आणि आपलं परत कोपऱ्यात जातं. वेळ कमी ठेवा, खेळ आधी ठरवा. ज्यात पाळी डोळ्यांना दिसते असे खेळ सोपे जातात: सापशिडी, कॅरम, सागरगोटे. डोंगर का पाणी, लंगडी यांत क्षणात ठरवावं लागतं. ते नंतर, आधी घरच्यांबरोबर सराव करून. कबड्डीला तर धरपकड असते, अंगाला हात लागलेला न सोसणाऱ्या मुलाला त्यात ढकलू नका.

खेळात शिरायचं वाक्यही पाठ करून घ्यावं लागतं. ‘‘मला पण घ्या ना रे’’, ‘‘माझी पाळी कधी?’’, ‘‘मी आऊट झालो, मी बघतो’’ ही वाक्यं बाकीच्या मुलांना कोणी शिकवलेली नसतात, आपल्या मुलाला शिकवावी लागतात. हरण्याचाही सराव हवा. आजोबांना दरवेळी मुद्दाम हरायला लावू नका, त्यांनाच कधीकधी जिंकू द्या आणि हरल्यावर काय बोलायचं ते त्यांच्यासमोरच म्हणून घ्या. आजी-आजोबांना या कामात घेतलं की ‘‘काही नाही झालंय त्याला’’ हे वाक्यही हळूहळू मागे पडतं, कारण मूल शिकतंय हे त्यांना स्वतःला दिसतं.

एक जरी मूल आपलं म्हणून हाक मारायला लागलं तर ते पुरेसं आहे. वर्गभर दोस्त असण्याचा हट्ट आपला असतो, मुलाचा नसतो.

छळ होत असेल तर

चिडवणं, डबा लपवणं, नाव पाडणं हे ‘मुलांमुलांतलं’ म्हणून सोडू नका. काय झालं, कधी, कोणी पाहिलं हे लिहून मुख्याध्यापकांना लेखी द्या. शाळेत तक्रारपेटी असते. राज्याच्या २०२२ च्या निर्णयाप्रमाणे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समितीही स्थापन करायची आहे. ती कधी भरते, सदस्य कोण, हे फलकावर वाचायला मिळायला हवं. खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे सावित्रीबाईंचं जन्मगाव. आपल्याच जिल्ह्यात ही समिती नुसती कागदावर राहू नये असं मला मनापासून वाटतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यांच्यापैकी कोणाला तरी सोबत घ्या.

रोज सकाळी पोट दुखणं, उलटी, आधी येत असलेलं बोलणं कमी होणं, स्वतःला मारून घेणं, ‘‘मला जगायचंच नाही’’ असं म्हणणं, यांपैकी काहीही दिसलं तर सहा आठवड्यांच्या आढाव्यापर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. जगायचं नाही असं मूल म्हणालं, तर त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही लागतो. मुलाला कोणापासून धोका असेल तर चाइल्डलाइनला, म्हणजे १०९८ ला, फोन करा.

वर्ष बदलताना

सहा आठवड्यांनी आढाव्याला बसाल तेव्हा वही पुन्हा न्या. जे चाललं ते चालू ठेवा, जे चाललं नाही ते बदलून दुसरं मागा. शिक्षकांनी जे केलं त्याबद्दल आभार मुख्याध्यापकांसमोर माना, त्यांना ते फार कमी वेळा ऐकायला मिळतं. मग एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षेच्या धामधुमीआधी, वर्गशिक्षकांना एक पान लिहून द्यायची विनंती करा: याला काय आवडतं, कशाने त्रास होतो, कोणती मुलं जवळची, शांत जागा कोणती. तुकडी पाडताना त्या जवळच्या मुलांपैकी एक तरी याच्याच तुकडीत यावं, हे त्याच वेळी सांगा. जूनमध्ये तुकड्यांच्या याद्या लागल्यावर कोणी बदलून देत नाही. शाळा उघडण्याआधी एखाद्या दिवशी परवानगी घेऊन मुलाला नवा वर्ग, नवा बाक, स्वच्छतागृह दाखवून आणा, आणि ते पान नव्या शिक्षकांच्या हातात द्या.